पाहुण्यांना आणायला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सायकलदुरुस्तीच्या दुकानाला लागून एक इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट आणि वर पांढरी चादर, मागे फळ्या आणि फळ्यांवर कपड्यांची गाठोडी. ते चालवणाऱ्या बाईंना सगळेच वहिनी म्हणतात. कुणाच्या वहिनी, हे कुणी विचारत नाही.

वहिनींचे यजमान परदेशात होते. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर. दोन वर्षांतून एकदा यायचे, महिना-दीड महिना राहायचे आणि परत जायचे. त्यामुळे गल्लीनं त्यांचं नाव पाडलं होतं, पाहुणे. "काय वहिनी, पाहुणे कधी येणार?" असं कुणी विचारलं की वहिनी इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायच्या, "आले की दिसतीलच."

लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली होती, पण दोघं एका छपराखाली राहिल्याचे दिवस जोडले तर संसार जेमतेम दीड वर्षाचा. बाकी सगळा फोनवर. मुलगी झाली तेव्हा पाहुणे तिकडेच, ती शाळेत गेली तेव्हा तिकडेच, सासूबाई गेल्या तेव्हाही तिकडेच. वहिनी याबद्दल तक्रार करायच्या नाहीत. विचारलंच तर म्हणायच्या, "तिकडे त्यांना आराम आहे. विमानातून उतरले की कंपनीची गाडी उभी असते. बसायचं आणि झोपायचं." हे त्यांना नवऱ्यानंच सांगितलेलं. दर वेळी तो विमानतळाच्या दारातून बाहेर यायचा तो कडक इस्त्रीच्या शर्टात, केस काळेभोर, चेहरा ताजा. कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या वहिनींना वाटायचं, मीच इथं दमले, हा तर आत्ता आंघोळ करून आल्यासारखा दिसतोय.

मग एका सकाळी गोदीच्या मुकादमाचा फोन आला. पाहुणे कामावर कोसळले होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जीव वाचला होता. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, विमानानं घरी नेता येईल, पण एकट्याला नाही. घरचं कुणीतरी न्यायला या.

घरचं म्हणजे कोण? लेकीला नववा महिना लागलेला. जावयाकडे पासपोर्ट नाही. पासपोर्ट होता तो वहिनींकडेच. फार वर्षांपूर्वी नवऱ्यानं म्हटलं होतं, तुला एकदा तिकडे नेतो, म्हणून काढलेला आणि मुदत संपली की नेमानं नवा करून घेतलेला. त्यावर एकही शिक्का नव्हता.

जावयानं सगळं समजावून सांगितलं. कुठं विमान बदलायचं, कुठं रांगेत उभं राहायचं, काय विचारतील. हॉस्पिटलचा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. "बाहेर कंपनीचा माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल, आई. त्याच्याबरोबर जायचं, झालं." लेक पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आणि नसला तर?"

"नसायला काय झालं? तुझ्या बाबांसाठी नेहमी असतो ना," वहिनी म्हणाल्या.

बॅगेत त्यांनी स्वतःचे दोन जोड घातले आणि नवऱ्यासाठी तीन नवे शर्ट. कॉलरमध्ये पुठ्ठा घालून, दुकानात नव्यानं आणल्यासारखी घडी करून. हॉस्पिटलातून घरी यायचं म्हणजे माणूस माणसासारखा दिसायला हवा.

पुढचं त्यांनी मला सलग कधी सांगितलं नाही. आज एक तुकडा, चार दिवसांनी दुसरा, तेही बाह्यांवरून इस्त्री फिरवता फिरवता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. मी ते जोडून सांगतो आहे.

पहिल्या विमानात त्यांना झोप लागली नाही, दुसऱ्यात पोट ढवळायला लागलं. उतरल्यावर एक लांबच लांब बोळ, सरकते पट्टे, मग रांग. काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला आणि कशासाठी आलात म्हणून विचारलं. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य वहिनींनी म्हणून दाखवलं: नवरा आजारी आहे, घरी न्यायला आले आहे. त्यानं एकदा वर पाहिलं आणि शिक्का मारला. पासपोर्टातला पहिला शिक्का. वहिनींना तो पाहायचंही सुचलं नाही.

बॅग घेऊन त्या काचेच्या दारातून बाहेर आल्या. समोर कठडा, कठड्यामागे माणसंच माणसं, हातात पाट्या. "आयुष्यभर मी त्या बाजूला उभी राहिले," त्या मला म्हणाल्या. "या बाजूनं कसं दिसतं ते माहीत नव्हतं. सगळे आपल्याकडे बघतात आणि आपण त्यांचे नाही हे कळलं की नजर काढून घेतात. एकापाठोपाठ एक."

त्यांच्या नावाची पाटी नव्हती. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या दोनदा चालल्या. मोबाईल चालू केला तर त्यात रेंजच नव्हती. जावयानं काहीतरी सुरू करून दिलं होतं, ते तिथं सुरू होत नव्हतं. भर दुपार होती. बाहेरच्या उन्हाची तिरीप काचेतून आत येत होती, आणि आत इतका गारठा की त्यांनी शाल अंगावर घेतली. एका बाकावर बसल्या. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांवर आले होते. कंपनीचा माणूस येईल, रस्त्यात अडकला असेल, असं म्हणत किती वेळ बसून राहिल्या, त्यांनाच ठाऊक नाही. एकदा मान खाली गेली आणि दचकून वर आली. पत्त्याचा कागद हातातच होता.

तेव्हा तो माणूस शेजारी उभा होता. पांढरा शर्ट, गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं कार्ड, हसरा चेहरा. वहिनींच्या हातातल्या कागदावर त्याची नजर होती.

"हॉस्पिटल?" तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "चला. मला पाठवलंय."

"कंपनीनं?"

"हो हो, कंपनीनं. गाडी तिकडे आहे." आणि त्यानं बॅगेचं हँडल धरलं.

गोष्ट इथं आली की वहिनी इस्त्री उभी करून ठेवायच्या. "मला कळलं नाही असं नाही," त्या म्हणायच्या. "त्याच्याकडे पाटी नव्हती. त्यानं माझं नाव घेतलं नाही. कंपनीनं, हे मीच त्याच्या तोंडात घातलं. सगळं कळत होतं. पण माणूस इतका दमला ना, की खोटंही खरं मानून घ्यावंसं वाटतं. कुणीतरी बॅग उचलली, कुणीतरी चला म्हणालं, एवढंच बरं वाटलं मला."

दाराबाहेर डाव्या हाताला टॅक्सींची रांग होती. सगळ्या एका रंगाच्या, टपावर दिवा, समोर माणसांची लांब ओळ आणि शिट्टी घेतलेला एक गणवेशातला माणूस. वहिनींनी तिकडे बोट दाखवलं. "तिथनं नाही?"

"ती रांग फार मोठी. तुमच्या माणसाला भेटायला उशीर होईल."

तुमच्या माणसाला. वहिनी मुकाट्यानं त्याच्या मागे गेल्या. लिफ्टनं वर, गाड्या उभ्या करायच्या मजल्यावर, खांबाखांबांमधून एका करड्या गाडीपाशी. टपावर दिवा नाही, आत मीटर नाही. बॅग डिकीत गेली. वहिनी मागे बसल्या. गाडी निघणार एवढ्यात आणखी एक माणूस आला आणि पुढं बसला.

"हे कोण?"

"भाऊ आहे. वाटेत उतरेल."

गाडीत अत्तराच्या बाटलीचा इतका वास होता की वहिनींनी पदर नाकाशी धरला. शहर सुरू झालं नाही, उलट मागे पडत गेलं. रुंद रस्ता, दोन्हीकडे गोदामं, पत्र्याच्या भिंती, मग नुसती कुंपणं. हॉस्पिटल किती लांब, त्यांनी विचारलं. जवळच, तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं आरशातून पाहत पैशांचं काढलं. विमानतळाचा कर, गाडी उभी केल्याचे, पेट्रोलचे, आत्ताच द्यावे लागतील.

"कंपनी देईल ना," वहिनी म्हणाल्या.

पुढचे दोघं आपसांत बोलले. आवाज बदलला होता.

"कुठल्या कंपनीनं पाठवलंय तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्याच."

"नाव काय तिचं?"

भाऊ म्हणवणारा मागे वळला आणि वहिनींच्या मांडीवरच्या पर्सकडे त्यानं हात पुढं केला. ओढली नाही, नुसता तळहात पसरून धरला. आपणच द्यावी अशा हिशोबानं. वहिनींनी शेजारच्या दाराची कडी ओढून पाहिली. आतून उघडत नव्हतं.

"घाबरला असाल," मी म्हटलं होतं.

"घाबरायला सुद्धा ताकद लागते," त्या म्हणाल्या. "मला तर वाटलं, देऊन टाकावी पर्स आणि तिथंच सीटवर डोकं टेकावं. पण पर्सेत पासपोर्ट होता. यांची कागदपत्रं होती. ती गेली असती तर यांना घेऊन कोण येणार होतं?"

पुढं जे झालं त्यात वहिनींची काही हुशारी नव्हती, हे त्या आवर्जून सांगतात. दुसऱ्या विमानापासून पोटात जे ढवळत होतं ते, त्या अत्तराच्या वासानं आणि भीतीनं मिळून, एकदम वर आलं. "थांबवा" म्हणेपर्यंत वेळच मिळाला नाही. पुढच्या सीटच्या पाठीवर, पसरलेल्या त्या हातावर, गाडीच्या गालिच्यावर, सगळीकडे झालं. भाऊ ओरडला. ड्रायव्हरनं शिव्या घालत गाडी बाजूला घेतली. नशीब असं की बाजूला पेट्रोल पंप होता. दोघंही त्या क्षणी बाकी सगळं विसरले. त्यांना फक्त गाडी दिसत होती. भावानं बाहेरून दार उघडून वहिनींना अक्षरशः ओढून खाली उतरवलं, की दुसरी उलटी तरी आत होऊ नये.

दुसरी भिंतीपाशी झाली. तोंड पुसून वहिनी सरळ झाल्या. मागे वळून न बघता, पर्स पोटाशी धरून, पंपाच्या दुकानात चालत गेल्या. धावल्या नाहीत. पाय धावण्यासारखे राहिलेच नव्हते.

दुकानात काउंटरमागे त्यांच्याच वयाची एक जाडजूड बाई होती, पंपाच्या गणवेशात, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. वहिनींनी काउंटरची कड धरली, आणि हात सुटून पाण्याच्या खोक्यांशेजारी जमिनीवरच बसल्या. पाठोपाठ ड्रायव्हर आत आला. पुन्हा हसरा चेहरा. तो त्या बाईला काहीतरी सांगत होता. बहुधा ही माझी पाहुणी आहे, तब्येत बरी नाही, असंच काही. बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकून वहिनींना काहीतरी विचारलं. शब्द एकही कळला नाही, पण प्रश्न कळला. वहिनींनी फक्त मान हलवली. नाही.

बाईनं फोनचा रिसीव्हर उचलून काउंटरवर ठेवला. मग ड्रायव्हरकडे पाहून, आवाज अजिबात न चढवता, दोन-तीन वाक्यं बोलली. त्यातला पोलीस एवढाच शब्द वहिनींना कळला. त्यानं खांदे उडवले आणि तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज वहिनींनी जमिनीवर बसूनच ऐकला. बॅग डिकीत होती. बॅग गेली हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि उठून बघावंसंही वाटलं नाही.

काउंटरवालीनं फार काही केलं नाही, असं त्या बाईला स्वतःला वाटलं असेल. पाण्याची बाटली दिली, कागदी रुमाल दिले, मागून एक खुर्ची ओढून आणली. चुरगळलेला पत्ता काउंटरवर तळहातानं सारखा करून वाचला आणि टॅक्सी मागवली. टॅक्सी येईपर्यंत तिनं आपलं काम चालू ठेवलं. गिऱ्हाइकं येत होती, ती पैसे घेत होती, आणि मधेच एकदा वहिनी खुर्चीवर नीट आहेत ना हे बघत होती. टॅक्सी आली तेव्हा मात्र ती काउंटर सोडून बाहेर आली. टपावरच्या दिव्याकडे बघितलं, आपल्या मोबाईलवर गाडीच्या नंबराचा फोटो काढला आणि तो ड्रायव्हरला दाखवला. पत्ता त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतला. मग वहिनींना गाडीतला मीटर दाखवला, समोर लावलेला ड्रायव्हरचा फोटो दाखवला, आणि फोटोकडून माणसाकडे, माणसाकडून फोटोकडे बोट नेलं. तोच आहे, बघून घे.

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं दोनदा थोपटल्यासारखं केलं आणि आत गेली, कारण काउंटरवर कुणीतरी खोळंबलं होतं.

टॅक्सीवाला म्हातारा होता. त्यानं वास ओळखून काचा खाली केल्या आणि सरळ हॉस्पिटलशी आणून सोडलं. मीटरमध्ये दिसत होतं तेवढंच घेतलं.

हॉस्पिटलच्या दारात एक टकलू माणूस येरझाऱ्या घालत होता. वहिनींना बघताच तो पुढं आला आणि मराठीत म्हणाला, "वहिनी ना तुम्ही? अहो, कुठं होता? सकाळपासून आम्ही दोघं विमानतळावर उभे होतो."

तो गोदीच्या खाणावळीतला स्वयंपाकी. पाहुण्यांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर कित्येक वर्षं राहिलेला. विमानतळाला येणाऱ्यांच्या दोन इमारती होत्या. कंपनीचा माणूस आणि हा, पाटी घेऊन, दुसऱ्याच इमारतीत उभे होते. एवढं साधं. वहिनींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी मला तोंड धुवायचंय."

पाहुणे खिडकीपाशी उशांना टेकवून बसवलेले होते. वहिनी म्हणतात, त्या आधी शेजारच्या खाटेकडे गेल्या. कारण या खाटेवरच्या माणसाचे केस पांढरे होते. घरी यायच्या आधी तो केसांना रंग लावत असे, हे त्यांना तेव्हा कळलं. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. डोळे मात्र त्याचेच. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मागे पाहिलं, आणि पहिला शब्द काढला तो, "बॅ... ग?"

"मागनं येतेय," वहिनी म्हणाल्या.

त्या रात्री काय आणि दुसऱ्या दिवशी काय, त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. कागदपत्रं व्हायला आठवडा लागणार होता. कंपनीनं राहायला एक लहानशी खोली दिली. पोलिसांकडेही नेऊन आणलं; तिथल्या अधिकाऱ्यानं आदरानं खुर्ची दिली, संगणकावर फोटो दाखवले. वहिनींना सगळेच पांढऱ्या शर्टातले आणि सगळेच हसरे दिसले. बॅग काही मिळाली नाही.

नवऱ्याचं सामान बांधायला म्हणून त्या स्वयंपाक्याबरोबर कामगारांच्या खोल्यांवर गेल्या. दिवसपाळीची वेळ, खोली रिकामी. चार लोखंडी खाटा, खाटांखाली पत्र्याच्या पेट्या, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना कपडे. ज्या घरात आपला नवरा आयुष्य काढतो ते घर त्या पहिल्यांदा बघत होत्या. एका खाटेएवढं होतं. त्यांनी पेटी उघडली. वर कामाचे कपडे, ठिणग्यांनी भोकं पडलेले. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक शर्ट. मागच्या खेपेला निघताना त्यांनीच घडी करून दिलेला. घडी मोडलेली नव्हती.

"तो घालायचा नसतो," स्वयंपाकी म्हणाला. "घरी जायचा आहे तो. दर वेळी असाच ठेवतो. तुमच्याकडे उतरला की आधी विमानतळावरच्या मोरीत शिरणार, तोंड धुणार, हा चढवणार, मगच बाहेर. आम्ही चिडवायचो, लग्नाला चाललास का रे?"

वहिनी खाटेवर बसल्या. "आणि इकडे येताना कंपनीची गाडी असते ना?"

"कसली गाडी, वहिनी? बस असते, दोन बदलून. पहिल्या खेपेला तर बसही ठाऊक नव्हती त्याला. न्यायला कुणी आलंच नाही. एका टॅक्सीवाल्यानं गावभर फिरवलं आणि खिसा रिकामा करून भलत्याच गोदीच्या फाटकाशी उतरवून दिलं. तिथून चालत आला. मी भांडी घासायला मागच्या दारी आलो तर हा पायरीवर बसलेला, बूट हातात, पाय फुटलेले. रडत नव्हता. नुसता बसला होता. जेवायला घातलं तेव्हा म्हणाला, घरी कुणाला कळू देऊ नका." स्वयंपाक्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यानं?"

"नाही."

वहिनींना राग आला. मोठा, भांडण्याजोगा राग नाही. दमलेल्या माणसाला येतो तसा, आतल्या आत धुमसणारा. मग त्यांनी विचारलं, इस्त्री आहे का कुणाकडे. शेजारच्या खोलीत होती, वायर सोललेली. खाटेवर चादर दुमडून त्यांनी नवऱ्याचे उरलेले कपडे सारखे केले, आणि ते संपल्यावर हात थांबेनात म्हणून खिळ्यांवरचे, ज्यांना कधी बघितलंही नव्हतं अशा तिघा माणसांचे शर्टही काढून घेतले. स्वयंपाकी नको नको म्हणत होता. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला काहीतरी करू द्या."

त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी नवऱ्याला पेज भरवली, तोंड पुसलं आणि मग म्हणाल्या, "गाडी उभीच असायची म्हणे तुमच्यासाठी."

तो खिडकीकडे बघत राहिला.

"बसायचं आणि झोपायचं म्हणे."

बऱ्याच वेळानं, एकेक अक्षर ढकलत तो म्हणाला, "तू... घोर... लावून... घेतला असतास."

"घेतला असता. तुमचाच घोर होता, मला कळायला नको?" वहिनींचा आवाज चढला नाही. मग त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "बॅग मागनं येत नाहीये. गेली." आणि सगळं सांगितलं. बाक, पांढरा शर्ट, न उघडणारं दार, उलटी, काउंटरवाली. काही वगळलं नाही. तो ऐकत होता, चांगला हात त्यांच्या मनगटावर ठेवून. भावाच्या पसरलेल्या हातावर उलटी झाली तिथं त्याचं अर्धं तोंड हललं. हसतोय की रडतोय ते वहिनींना नीट कळलं नाही. नव्या चेहऱ्याची सवय झाली नव्हती अजून. मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसतोय. त्यांनाही हसू आलं, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरले, तेव्हा परिचारिका पडदा ओढून गेली.

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांना खरं काय ते सांगितलं," वहिनी मला म्हणाल्या, आणि उशीचा अभ्रा झटकून टेबलावर पसरला.

परतीचा प्रवास सोपा झाला. चाकाची खुर्ची, ती ढकलणारी विमानतळाची माणसं, सगळ्यांच्या आधी आत. जावई इकडे कठड्यापाशी उभा होता. लेकीला पुढच्याच आठवड्यात मुलगी झाली.

त्याला आता दोन वर्षं होतील. पाहुणे काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. बोलणं बरंचसं परत आलं आहे, घाई केली तर अडखळतात. दुकानात बसून डाव्या हातानं रुमालांच्या घड्या घालतात. घड्या वाकड्या असतात, आणि गल्लीतलं कुणी त्याबद्दल बोलत नाही. गोदीतून जे मिळायचं ते थांबलं, त्यामुळे वहिनींनी दोन हॉटेलांच्या चादरी घेतल्या आहेत. काम वाढलं, वय वाढलं. कंबर दुखते. नवऱ्याला उठवणं, आंघोळ घालणं, मग गाठोडी. पूर्वी एकटेपणा होता, आता दमणूक आहे, असं त्या म्हणतात, आणि यातलं बरं काय ते सांगत नाहीत.

परवा माझ्यासमोरच पलीकडच्या चाळीतली एक आई आली होती. तिची मुलगी परिचारिका म्हणून परदेशी निघाली आहे. वहिनींनी हातातलं काम ठेवलं नाही, पण मुलीला काय सांगायचं ते एकेक सांगत गेल्या. बाहेरच्या दारातून निघण्याआधी आतच बसायचं, पाणी प्यायचं, फोन चालू होतो का बघायचं. न्यायला येणाऱ्यानं तुझं नाव आपणहून सांगितलं पाहिजे. तू विचारून त्यानं हो म्हणायचं नाही. जो तुझ्याकडे चालत येतो त्याच्याबरोबर जायचं नाही, रांग कितीही मोठी असो, रांगेतच उभं राहायचं. बॅग आपल्याजवळ मागच्या सीटवर. गाडीत बसायच्या आधी नंबर घरी पाठवायचा.

"आणि फार दमली असेल तर?" त्या आईनं विचारलं.

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. "तर तिथंच बाकावर झोपू दे तिला," त्या म्हणाल्या. "दमलेलं असताना काही ठरवू नको म्हणावं. आणि पोचल्यावर काय झालं ते खरं सांग म्हणावं. बरंवाईट सगळं."

हल्ली दुपारी जेवणं झाली की वहिनी टेबलामागे चटई टाकून तासभर आडव्या होतात. आधी कधी होत नव्हत्या. पाहुणे दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. कपडे घेऊन कुणी आलं की ओठांवर बोट ठेवतात आणि सावकाश, एकेक शब्द नीट जुळवत सांगतात, "झोपलीय. ठेवून जा." लोक गाठोडं हळूच टेबलावर ठेवतात आणि निघून जातात.